अमेरिकेत लॉ स्कूलचा अर्ज कधी टाकला तर स्कॉलरशिप पदरात पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत वकिली शिकायची तर आधी कुठल्याही विषयातली पदवी आणि मग तीन वर्षांचं जेडी (ज्युरिस डॉक्टर ही वकिलीची पदवी). नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलांची नुसती फी आता वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. राहणं-जेवण धरलं की आकडा एक लाख डॉलर ओलांडतो. त्यामुळे न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, मराठी घरात लॉ स्कूलचा विषय निघाला की लगेच स्कॉलरशिपचा निघतो आणि पाठोपाठ 'अर्ज कधी टाकायचा?' हा. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं जेडीची आहेत. भारतातून एलएलएमला (कायद्यातल्या मास्टर्सला) येणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

लवकर अर्ज केला की स्कॉलरशिप जास्त मिळते, हे खरं का?

अर्धं खरं. बहुतेक लॉ स्कूलांत प्रवेश 'रोलिंग' पद्धतीने होतात. सप्टेंबरच्या सुमारास अर्ज सुरू होतात, फाइल पूर्ण झाली की वाचली जाते आणि निर्णय पुढचे सहा-सात महिने टप्प्याटप्प्याने कळत राहतात. हंगामाच्या सुरुवातीला जागाही रिकाम्या असतात आणि स्कॉलरशिपची थैलीही भरलेली असते. मार्च उजाडेपर्यंत त्यातले बरेचसे पैसे कुणाला ना कुणाला कबूल झालेले असतात. इथवर सगळे बरोबर सांगतात.

पण हा पैसा शाळा का देते, ते कुणी सांगत नाही. मेरिट स्कॉलरशिप म्हणजे बहुतेक वेळा फीमधली सूट असते आणि ती सूट देऊन शाळा आपल्या वर्गाचा एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी) यांचा मीडियन, म्हणजे मध्यक, वर ठेवते. या दोन आकड्यांवर यू. एस. न्यूजच्या क्रमवारीत शाळेची पत ठरते. २०२३ पासून त्या क्रमवारीत या आकड्यांचं वजन कमी झालं, तरी शाळांची सवय काही सुटलेली नाही. समजा, एका शाळेचा एलसॅट मीडियन १६५ आहे. १६८ वाला विद्यार्थी तिला सप्टेंबरात हवा असतो आणि जानेवारीतही हवा असतो. १६१ वाल्याने १ सप्टेंबरला सकाळी अर्ज टाकला तरी त्याच्यासाठी ती खिशात हात घालणार नाही.

म्हणून क्रम असा: आधी गुण, मग तारीख. तारखेचा उपयोग गुण जागेवर असतील तरच होतो.

'लवकर' म्हणजे नेमकं कधी?

सप्टेंबरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. नाताळच्या सुटीपर्यंत गेलेला अर्जही उशिराचा म्हणता येत नाही. त्यानंतर मात्र दर महिन्याला थोडं थोडं निसटत जातं. संकेतस्थळावरची फेब्रुवारी-मार्चची अंतिम तारीख प्रवेशाची असते. पैशांच्या हिशेबाने ती बरीच उशिराची आहे.

१ सप्टेंबर की १० ऑक्टोबर, यावर मात्र झोप उडवू नका. त्या सहा आठवड्यांत निबंध आणखी दोनदा नीट वाचला तर जास्त फायदा होईल.

अर्ज सबमिट केला म्हणजे झाला ना?

नाही. फाइल 'कम्प्लीट' झाल्याशिवाय कुणी वाचत नाही. लॉ स्कूल अॅडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅक, ही संस्था तुमच्या ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) आणि शिफारसपत्रं गोळा करून एकत्र अहवाल शाळांना पाठवते. एलसॅटचा लेखी निबंधही दिलेला असावा लागतो, नाहीतर गुण अडून राहतात. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते प्राध्यापकांच्या शिफारसपत्रावर. 'देतो, देतो' म्हणणाऱ्या सरांना मे-जूनमध्येच गाठा. ऑक्टोबरात त्यांच्या दारात तुमच्यासारखे वीस जण उभे असतात.

ऑक्टोबरच्या एलसॅटला १६० आले. जानेवारीत पुन्हा दिली तर चार-पाच गुण वाढतील असं वाटतं. आत्ताच अर्ज पाठवू की थांबू?

'वाटतं' कशावरून, ते आधी पाहा. घरी वेळ लावून सोडवलेल्या शेवटच्या पाच-सहा सराव परीक्षांची सरासरी खरोखर १६४-१६५ असेल तर थांबा. नसेल तर आहे त्या गुणांवर, त्या गुणांना भाव देणाऱ्या शाळांकडे आत्ताच अर्ज करा.

एलसॅट १२० ते १८० अशी मोजतात आणि वरच्या टप्प्यात एकेका गुणाची किंमत फार असते. मीडियनच्या दोन गुण खाली आणि दोन गुण वर, यात काही शाळांत पूर्ण फी आणि निम्मी फी एवढा फरक पडू शकतो. पुन्हा परीक्षा दिल्याने नुकसान होत नाही, कारण शाळांना सगळे प्रयत्न दिसत असले तरी त्यांच्या जाहीर आकडेवारीत प्रत्येकाचा सर्वोच्च गुणच धरला जातो. प्रयत्नांना मर्यादा मात्र आहे: पाच वर्षांच्या काळात पाच आणि आयुष्यभरात सात.

जानेवारीचे गुण हाती येईपर्यंत महिनाअखेर उजाडते. तेव्हा अर्ज करता येतो, प्रवेशही मिळतो, पण पैशाच्या रांगेत तुम्ही मागे असता. पाच गुणांची वाढ खात्रीची असेल तर माझ्या मते पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबणं हाच शहाणपणा. जाता जाता: ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्सचा भाग काढून टाकला आहे. चुलतभावाने दिलेली जुनी पुस्तकं वापरत असाल तर तो भाग सोडून द्या.

वर्षभर थांबायचं म्हणजे वर्ष वाया नाही का जाणार? लोक काय म्हणतील?

हा प्रश्न बहुतेक वेळा आईवडिलांचा असतो. दहावी, बारावी, पदवी, पुढची पदवी, मध्ये एकही मोकळी जागा नको, अशी आपल्याकडची शिस्त. अमेरिकन लॉ स्कूलांचा कल नेमका उलटा आहे. हार्वर्डच्या वर्गात कॉलेजनंतर किमान वर्षभर काही काम करून आलेल्यांची संख्या मोठी असते आणि नॉर्थवेस्टर्नने तर कामाच्या अनुभवाला महत्त्व देण्याची ओळखच बनवली आहे.

पैशाचा हिशेबही थांबण्याच्या बाजूचा आहे. वर्षाला ३० हजार डॉलरची सूट वाढून मिळाली तर तीन वर्षांत ९० हजार झाले आणि तेही कर्जावरच्या व्याजाचा विचार न करता. मधल्या वर्षी एखाद्या लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस, म्हणून काम केलं तर पगार मिळतो तो वेगळाच. शिवाय वकिली आपल्याला खरंच आवडते का, तेही कळतं.

जीपीएचाही एक बारकावा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असताना सप्टेंबरात अर्ज केला तर तिसऱ्या वर्षापर्यंतचेच गुण धरले जातात. शेवटच्या वर्षी ग्रेड सुधारणार असतील तर पदवी हातात घेऊन पुढच्या हंगामात उतरा. पहिली पदवी मिळाली की एलसॅकचा जीपीए गोठतो. नंतर मास्टर्स करून तो वर नेता येत नाही.

शाळा किती जणांना किती पैसे देते, हे आधी कुठे कळेल?

अमेरिकन बार असोसिएशनच्या मानक क्रमांक ५०९ प्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दर वर्षी १५ डिसेंबरला आपली आकडेवारी जाहीर करावी लागते. '५०९ रिपोर्ट' असं शोधलं की सापडते. एलसॅट आणि जीपीएचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइल, किती विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी फीची सूट, किती जणांना निम्मी ते पूर्ण, किती जणांना पूर्ण फी आणि त्याहून जास्त, हे सगळं त्यात असतं. माहितीपत्रकातल्या हिरवळीवर हसणाऱ्या मुलांच्या फोटोंपेक्षा हा रुक्ष तक्ता कितीतरी बोलका.

फक्त तो शिळा असतो. सप्टेंबर २०२६ मध्ये अर्ज करणाऱ्यासमोर डिसेंबर २०२५ चा रिपोर्ट असेल, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये दाखल झालेल्या वर्गाचा. २०२४-२५ च्या हंगामापासून अर्जांची संख्या जोरात वाढली आहे आणि मीडियनही वर सरकत आहेत. अनेक शाळा नव्या वर्गाचे आकडे सप्टेंबरमध्येच आपल्या संकेतस्थळावर टाकतात. यादी करताना ते पाहा आणि 'मी मीडियनवर आहे' असं दिसलं तर 'मी बहुधा किंचित खाली आहे' असं धरून चाला.

अर्ली डिसिजनने अर्ज केला तर?

पैशांची गरज असेल तर साधारणपणे नको. अर्ली डिसिजन म्हणजे 'घेतलंत तर येणारच' असा लेखी शब्द. बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. येणारच म्हणून सांगितलेल्या माणसाला सूट कोण देईल? प्रवेशाची शक्यता थोडी वाढते, पण त्याची किंमत चुकवावी लागते.

अपवाद आहेत. काही शाळा अर्ली डिसिजनलाच ठरावीक रक्कम जोडतात. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या डिस्टिंग्विश्ड स्कॉलर योजनेत बांधील अर्जाच्या बदल्यात पूर्ण फीची स्कॉलरशिप असते. असा आकडा लेखी दिसत असेल आणि ती शाळा मनापासून हवी असेल तर जरूर विचार करा. या योजना वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं पान वाचल्याशिवाय सही करू नका.

पूर्ण फीच्या मोठ्या स्कॉलरशिपसाठी वेगळा अर्ज लागतो का?

काहींना लागतो, काहींना नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची रूट-टिल्डन-कर्न ही सार्वजनिक हिताची वकिली करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तिला वेगळे निबंध आणि मुलाखत असते. शिकागोची रूबेन्स्टाइन, कोलंबियाची हॅमिल्टन, ड्यूकची मॉर्डेकाय, व्हर्जिनियाची कार्श-डिलार्ड ही आणखी काही नावाजलेली नावं. वेगळा अर्ज असेल तिथे त्याची अंतिम तारीख प्रवेशाच्या तारखेआधी येऊ शकते आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. शाळांची यादी करताना या तारखेचा वेगळा रकाना ठेवा.

येल, हार्वर्ड, स्टॅनफर्डला लवकर अर्ज केला तर स्कॉलरशिप मिळेल?

या तिन्ही ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप नाहीच. तिथे गरज पाहून मदत मिळते आणि गरज ठरवताना पालकांचं उत्पन्नही विचारतात. येलने २०२२ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांना पूर्ण फी माफ करणारी हर्स्ट होरायझन योजना आणली आणि बाकी दोघांनीही त्या वाटेने पावलं टाकली. आईवडील दोघंही आयटीत असलेल्या घराला मात्र इथून फार काही मिळण्याची आशा धरू नका. इथे महत्त्व आर्थिक मदतीचे फॉर्म वेळेत भरण्याला. अर्ज सप्टेंबरात गेला की डिसेंबरात, याने पैशात फरक पडत नाही.

मुलगी लहानपणापासून अमेरिकेत आहे, पण आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. तिला काय लागू होतं?

२१ वर्षं पूर्ण झाली की एच-४, म्हणजे पालकांच्या आधारावरचा व्हिसा, संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. मग ती इथेच शाळा शिकली असली तरी सरकारी कर्जाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनीच. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, तिला लागू नाही. शाळेची मेरिट स्कॉलरशिप मात्र बऱ्याच ठिकाणी खुली असते, म्हणून अशा मुलांसाठी ती जास्तच महत्त्वाची. खासगी कर्जाला बहुधा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार मागतात. हे घरात आधीच बोलून ठेवा. एप्रिलमध्ये एखाद्या काकांना फोन करून विचारायची ही गोष्ट नव्हे.

आम्ही नागरिक आहोत. कर्ज तर मिळेलच ना?

पूर्वीसारखं नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. त्याआधी त्यातून शिक्षणाचा अख्खा खर्च उचलता येत असे. आता लॉसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर, एवढंच. लाखभर डॉलरचा वार्षिक खर्च आणि हे ५० हजार यांच्यातली दरी खिशातून, खासगी कर्जातून किंवा स्कॉलरशिपमधून भरायची. 'प्रवेश मिळू दे, पैशांचं पुढे बघू' हे धोरण यापुढे चालणार नाही.

माझी पदवी पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची आहे. माझा जीपीए कसा धरतात?

धरतच नाहीत. परदेशी पदवीला एलसॅक आकड्यातला जीपीए देत नाही. सुपीरियर, अबव्ह अॅव्हरेज, अॅव्हरेज, बिलो अॅव्हरेज यांपैकी एक शेरा देते. त्यामुळे तुमचे गुण शाळेच्या जीपीए मीडियनमध्ये येत नाहीत. याचे दोन अर्थ. आपल्याकडचे ६२ टक्के पाहून घाबरू नका, आणि एलसॅट कमी आला तर त्याची भरपाई करायला दुसरा आकडा नाही, हेही विसरू नका.

वेळेचा खरा गोंधळ ट्रान्स्क्रिप्टचा. ती विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे जावी लागते. अर्ज, शुल्क, पडताळणी, मोहोर, टपाल यांत आठवडे सहज जातात आणि मध्ये गणपती-दिवाळीच्या सुट्या आल्या तर विचारायलाच नको. सप्टेंबरात अर्ज करायचा असेल तर हे काम एप्रिल-मेमध्ये सुरू करा.

भारतातून एलएलएमला जायचं आहे. हेच नियम लागू का?

नाही. एलएलएम एक वर्षाचं, एलसॅट लागत नाही, मोठ्या शाळांच्या तारखा साधारण डिसेंबर-जानेवारीत, आणि शाळेकडून मिळणारी सूट जेडीच्या मानाने तुटपुंजी. इथे बाहेरच्या शिष्यवृत्त्यांचं कॅलेंडर सांभाळावं लागतं आणि ते उलटसुलट असतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपची मुदत साधारण आदल्या वर्षीच्या मे महिन्यात संपते, म्हणजे विमानात बसायच्या सव्वा वर्ष आधी. शिवाय तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जे. एन. टाटा एंडॉवमेंटचं १८९२ पासून चालत आलेलं साहाय्य हे कर्जरूपी आहे, हे नीट लक्षात घ्या. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती प्रवेशाचं पत्र हातात असल्याशिवाय चालत नाही. म्हणून तिच्यासाठी विद्यापीठाचा अर्ज लवकर गेलेला बरा.

स्कॉलरशिपचं पत्र आलं. वाढवून मागता येते का? आम्हाला संकोच वाटतो.

मागता येते आणि मागावी. माझ्या मते लवकर अर्ज करण्याचा खरा फायदा इथे आहे. ऑक्टोबरात अर्ज गेलेले असतील तर फेब्रुवारीपर्यंत तीन-चार शाळांची पत्रं हातात असतात आणि ती एकमेकींसमोर ठेवता येतात. फेब्रुवारीत अर्ज केलेल्याला एप्रिलमध्ये एकच पत्र मिळतं, जागा राखण्यासाठी भरायच्या डिपॉझिटची तारीख दहा दिवसांवर असते आणि तुलना करायला काहीच नसतं.

पद्धत सोपी आहे. साधारण मध्य फेब्रुवारी ते मध्य एप्रिल या काळात प्रवेश कार्यालयाला छोटं, नम्र ईमेल लिहा: तुमची शाळा माझ्या पसंतीची आहे, अमुक शाळेने एवढी रक्कम देऊ केली आहे, पत्र सोबत जोडलं आहे, फेरविचार होऊ शकेल का? काही शाळांचा यासाठी ठरलेला फॉर्म असतो. काही आधीच सांगतात की आम्ही फेरविचार करत नाही. तिथे हट्ट करू नका. तुलना बरोबरीच्या किंवा वरच्या शाळेची द्या. क्रमवारीत पन्नास पायऱ्या खाली असलेल्या शाळेची पूर्ण स्कॉलरशिप दाखवून वरची शाळा सहसा हलत नाही.

आकडा फुगवून सांगू नका. शाळा पत्राची प्रत मागतात आणि खोटेपणा उघड झाला तर प्रकरण एलसॅकच्या चौकशीपर्यंत जातं, पुढे वकिलीची सनद मागतानाही आडवं येतं. आणि हे ईमेल विद्यार्थ्यानेच लिहायचं. बाबांनी फोन केला की कार्यालयातली माणसं गोड बोलतात आणि मनात नोंद करून ठेवतात.

'कंडिशनल' स्कॉलरशिप म्हणजे?

ठरावीक जीपीए राखला तरच दुसऱ्या वर्षी चालू राहणारी. लॉ स्कूलमध्ये गुण 'कर्व्ह'वर दिले जातात, म्हणजे वर्गातल्या काही जणांना खालचे गुण मिळणारच असतात, कितीही अभ्यास केला तरी. कॉलेजात कायम ३.८ असलेल्या मुलाला ३.० ची अट फुसकी वाटते आणि तिथेच तो फसतो. किती जणांची सूट कमी झाली किंवा गेली, हेही शाळेला जाहीर करावं लागतं. तो आकडा पाहा आणि वाटाघाटीत रक्कम वाढवून घेण्याआधी अट काढून घ्यायला सांगा.

वेटलिस्टवर असताना पैसे मिळतात का?

क्वचित. मे ते ऑगस्टमध्ये वेटलिस्ट हलते तेव्हा शाळेकडे बहुधा उरलेली चिल्लर असते. कधी कुणी मोठी सूट सोडून दुसरीकडे गेलं तर नशीब उघडतं, पण त्यावर बेत आखू नका.

अर्जांचा खर्चच हजाराच्या घरात जातो. तो कमी करता येईल का?

येईल. एलसॅकच्या कॅंडिडेट रेफरल सर्व्हिसमध्ये नाव नोंदवलं की शाळा स्वतःहून अर्ज फी माफीची ईमेल पाठवतात. न आल्यास सरळ मागा, अनेक शाळा देतात. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी एलसॅकची स्वतःची फी माफीही आहे. तिच्यासाठी परीक्षेची नोंदणी करण्याआधी अर्ज करावा लागतो.

एका शाळेत डिपॉझिट भरलं आणि मग दुसरीकडून जास्त पैसे आले. आता?

अर्ली डिसिजनने गेला नसाल तर बदलता येतं. डिपॉझिट बुडेल, ते सहसा काहीशे डॉलरचं असतं. पण आधी पहिल्या शाळेचं पत्र पुन्हा वाचा, कारण काही ठिकाणी स्कॉलरशिप स्वीकारतानाच बाकी सगळ्या शाळांतली नावं काढून घेण्याची अट असते. तशी अट नसेल तर पहिल्या शाळेला नवा आकडा कळवून एकदा विचारा. जून उजाडायच्या आत विचारलं तर उत्तर येण्याची शक्यता बरी असते. नाही म्हणाले तर दुसरीकडे डिपॉझिट भरल्याच्या दिवशीच पहिलीला दोन ओळी लिहून जागा मोकळी करा. ती जागा आणि ते पैसे वेटलिस्टवरच्या कुणाच्या तरी कामी येतात.